एका टक्क्याची किंमत ३७ हजार ८०० रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात लोकअदालतीची बातमी होती. सोबत फोटो. डोक्याला मार लागलेले एक गृहस्थ धनादेश हातात घेऊन उभे, शेजारी पदर सावरत त्यांची बायको, आणि खाली ओळ : ‘अपघातग्रस्ताला आठ महिन्यांत भरपाई’. बातमी चांगल्या मनानेच छापली असणार. पण ‘आठ महिन्यांत’ वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं. आठव्या महिन्यात मीही तशाच टेबलासमोर बसले होते. माझ्यासमोरही एक आकडा ठेवला होता, नऊ लाख. सही केली असती तर फोटो आमचाही आला असता.

आमचं गाव कृष्णाकाठी. यजमानांचं मोटार वायंडिंगचं दुकान. दहा बाय बाराचा गाळा, पुढे लोखंडी बाक, आत जळक्या तारांचा ढीग. विहिरीवरच्या, नदीवरच्या पंपांच्या मोटारी यायच्या. फेब्रुवारी ते मे हा आमचा हंगाम. पाणी खाली जातं, वीज कमी दाबाने येते, मोटारी जळतात. शेतकऱ्याचं पीक वाळायच्या आत मोटार परत जायला हवी, म्हणून रात्री बारा-बारापर्यंत हे कॉइल भरत बसायचे. जुनी तार उपटायची, स्लॉटमध्ये, म्हणजे मोटारीतल्या खाचांत, पेपर घालायचा, फरम्यावर टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजून कॉइल करायच्या, एकेक स्लॉट भरायचा, जोडण्या करायच्या, दोऱ्याने बांधायचं, वार्निश पाजायचं. मोटार दारात उतरवली की हे आधी झाकण काढून वास घ्यायचे. वासावरून सांगायचे, पूर्ण गेलीय की एकच फेज, म्हणजे तारेचा एकच गट, गेलाय.

२० जानेवारी २०२३ रोजी रात्री एका मळ्यात मोटार बसवून परत येताना रस्त्यात उसाची डबल ट्रॉली उभी होती. पंक्चर झालेली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. हे पाठीमागून धडकले. हेल्मेट होतं, घरातल्या खुंटीवर. हे मी कोर्टातही लपवलं नाही, इथेही लपवत नाही.

मिरजेला नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. कागदावर लिहिलं होतं : ‘जीसीएस ७’, म्हणजे शुद्धीच्या मोजपट्टीवर सात. त्या रात्री मेंदूवरचा रक्ताचा गोळा काढला. सूज उतरायला जागा हवी म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि तीन महिन्यांनी परत बसवला. डोक्याचं हाड पोटात ठेवतात, हे सासूबाईंना पटेचना. नंतर मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच सांगायच्या. डॉक्टरांनी माणूस परत दिला, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पुढे जे लिहिते आहे ते त्यांच्याविषयी नाही.

हे घरी आले ते चालत आले. हातपाय धड, बोलणं स्पष्ट, सगळ्यांना नावानिशी ओळखत होते. गाव म्हणालं, देवाने खैर केली. मीही म्हणाले. नारळ फोडला. पहिले दोन महिने अशक्तपणा आहे, असं मीच लोकांना सांगत होते. मग एक दिवस गॅसवर दूध उतू चाललं होतं आणि हे शेजारी उभं राहून बघत होते. घाबरले नव्हते, विसरले नव्हते. बघत होते. मी धावत येऊन गॅस बंद केला तर म्हणाले, ‘अगं, उतू चाललं होतं.’

मोटार उघडली की वास येईना. आधी मला वाटलं सर्दी. डॉक्टर म्हणाले, कपाळामागे मार बसला की वासाच्या बारीक नसा तुटतात, कधी कधी परत येत नाहीत. बाकी बरंच काही त्याच कपाळामागे असतं म्हणे. कामाचा क्रम लावणं, राग आवरणं, पैसा जपणं. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना यांनी पाच हजार काढून दिले. ज्या माणसाने मला लग्नाच्या वाढदिवसाला कधी गजरा आणला नाही, त्याने हप्त्यावर तीन मोबाइल आणले. जुन्या गिऱ्हाइकाने उशीर का झाला विचारलं तर त्याच्या अंगावर पक्कड भिरकावली. त्या गिऱ्हाइकाने आजवर परत पाऊल ठेवलेलं नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता दाव्याचं. अपघाताच्या भरपाईचा दावा करायला मुदत असते, हे मला माहीतच नव्हतं. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. सहा महिन्यांतले दोन आमचे दवाखान्यात गेले, एक हाड परत बसवण्यात. नियम असा आहे की पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा, म्हणजे तोच दावा म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नीट पाळा, असं बजावलं होतं. आमचा अपघात त्यानंतरच्या महिन्यातला. आम्हाला ठाण्यातून मिळाली ती फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल, तीही तिसऱ्या खेपेला. मुदतीचं कुणी बोललं नाही. ते बोलला आमच्या आळीतला चहावाला, कारण त्याच्या मेहुण्याचा दावा सुरू होता. ११ जुलैला दावा दाखल झाला. नऊ दिवस उरले होते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण ज्यांच्या घरी आज हा प्रसंग आहे त्यांनी त्या भरवशावर बसू नये. दावा आधी लावा, पुरावे पुढे गोळा करता येतात. आणि जिथे अपघात झाला तिथल्याच कोर्टात जावं लागतं असंही नाही, आपण राहतो तिथेही दावा लावता येतो.

वकिलांचं सांगते. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले ते म्हणाले, ‘ताई, आत्ता एक पैसा देऊ नका, आलेल्या रकमेत पंचवीस टक्के.’ मला ते फार सज्जन वाटले. निकालाच्या रकमेवर टक्का ठरवायला वकिली व्यवसायाच्या नियमांनीच मनाई आहे, हे मला नंतर कळलं. बाई माणसाला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही नंतरच कळलं. तिथून मिळालेल्या वकीलताई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. दुकानाची वही आहे का? आणि आजपासून रोज दोन ओळी लिहाल का?

वही होती. मीच लिहीत होते, लग्न झाल्यापासून. तारीख, गिऱ्हाइकाचं गाव, मोटार किती एचपीची, कधी नेली, किती पैसे. अपघातानंतर पाचव्या महिन्यात हे परत दुकानात बसू लागले तेव्हा मी तांबड्या पेनाने एक नवा रकाना आखला : ‘परत’. म्हणजे दुरुस्त होऊन गेलेली मोटार पुन्हा जळून दारात आली तर त्यात खूण. आधीच्या वर्षांत असा रकाना लागलाच नव्हता. २०२४ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत एकोणीस मोटारी भरून गेल्या आणि अकरा परत आल्या. यांचे हात अजून सुंदर चालतात. स्लॉटमध्ये तार अशी बसवतात की बघत राहावं. पण टर्न मोजताना कुणी हाक मारली, फोन वाजला, तर कुठवर आलो ते जातं. गेलं हे कळत नाही. मनाने एक आकडा धरतात आणि पुढे चालू लागतात. एका कॉइलमध्ये टर्न कमी, दुसरीत जास्त, आणि मोटार आठ दिवसांत जळते.

लोकअदालतीचा प्रसंग यानंतर लिहायचा राहिला, पण तो खरं तर आधीचा. सप्टेंबर २०२३. विमा कंपनीच्या साहेबांनी नऊ लाखांचा प्रस्ताव ठेवला. भाऊजी म्हणाले, वहिनी, घ्या. चार लाखांचं कर्ज फिटेल, उरलेले पोरीच्या नावावर टाकू. भाऊजींचं चुकत नव्हतं. बिलं सहा लाख चाळीस हजारांची होती, त्यातलं निम्मं त्यांनीच उभं केलं होतं. सासूबाई मध्ये बसून दोघांकडे बघत होत्या. मी पंधरा दिवस मागून घेतले आणि नको म्हणाले. धाडस वगैरे काही नव्हतं. वकीलताईंनी एवढंच सांगितलं होतं की लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं, आणि डोक्याच्या माराचं शेवटचं चित्र वर्ष-दीड वर्षाशिवाय दिसत नाही.

मार्च २०२४ मध्ये, म्हणजे चौदाव्या महिन्यात, यांना पहिली फिट आली. जेवताना. ताटावर कोसळले. डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाला वर्षानंतर, कित्येक वर्षांनंतरसुद्धा फिट येऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता दोन वेळची गोळी कायमची. गाडी चालवायची नाही, विहिरीवर एकट्याने उतरायचं नाही. ज्या माणसाचा धंदाच विहिरीवरच्या मोटारी काढण्या-बसवण्याचा, त्याला हे सांगितलं. सप्टेंबरमध्ये सही केली असती तर ही फिट आमच्या पदरी फुकट पडली असती. तुमच्या फोटोतल्या त्या बाईंना मी ओळखत नाही. त्यांना ही भीती कुणी सांगितली होती का, एवढंच मला विचारायचं होतं. हात मोडला, पाय मोडला, हाड जुळलं, तर लोकअदालतीसारखी सोय नाही. मी त्याच्या विरोधात नाही. माझं म्हणणं डोक्यापुरतं आहे.

मग आला अपंगत्वाचा दाखला. सरकारी मंडळापुढे आम्ही दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला हाडांचे डॉक्टर. त्यांनी हात वर करायला लावले, मुठी दाबायला लावल्या, सरळ रेषेत चालवलं. यांनी सगळं केलं, उलट उत्साहाने केलं. दुसऱ्या खेपेला मनाच्या आजारांचे डॉक्टर. नाव, गाव, आजचा वार, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत या. यांनी त्र्याण्णव म्हटलं, मग ब्याऐंशी, पुढच्याच क्षणी ‘नाही, शहाऐंशी’ म्हणून दुरुस्त केलं, आणि मग एकोणऐंशी. गणित यांचं चांगलंच होतं. दहा मिनिटांच्या भेटीत हे कुणालाही शहाणे वाटतात. पाहुणे येतात, तासभर बसतात आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणतात, ‘चांगले तर आहेत की!’ माझा जीव वरखाली होतो. दाखला मिळाला ३० टक्क्यांचा. अपंग हक्क कायद्यात, २०१६ च्या, एकवीस प्रकारचं अपंगत्व दिलेलं आहे, त्यात अपघाताने झालेली मेंदूची इजा स्वतःच्या नावाने नाही. मग कुणी तिला हातापायात बसवतं, कुणी मानसिक आजारात. आमच्या कागदावर वासाला रकानाच नव्हता.

या ३० आकड्याचं वजन मला तेव्हा कळलं नाही. वकीलताईंनी कागदावर मांडून दाखवलं ते इथे देते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. समजा महिन्याचं उत्पन्न १५ हजार धरलं. चाळिशीच्या आतला स्वतःचा धंदा असेल तर पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, झाले २१ हजार. वर्षाचे बारा महिने. अपघाताच्या वेळी यांचं वय अडतीस, म्हणून गुणक, म्हणजे वयावरून ठरणारा वर्षांचा आकडा, १५. गुणाकार येतो ३७ लाख ८० हजार. याला अपंगत्वाच्या टक्क्याने गुणायचं. म्हणजे एका टक्क्याची किंमत ३७ हजार ८०० रुपये. ३० टक्क्यांनी ११ लाख ३४ हजार, ७५ टक्क्यांनी २८ लाख ३५ हजार. मधले सतरा लाख हे हात वर करून दाखवण्यात गेले असते.

पण दाखल्यावरचा टक्का म्हणजे कमाईचा टक्का नव्हे. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात स्वच्छ सांगून ठेवलं आहे. त्यातलं उदाहरण माझ्यासारखीलाही समजलं. डावा हात गेला तर दाखला साठ टक्क्यांचा असेल. पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. न्यायाधिकरणाने बघायचं ते हे की माणूस आधी काय करत होता आणि आता काय करू शकतो. निकाल इतका जुना आहे, तरी उलटतपासणीत पहिला प्रश्न दाखल्याचाच.

उलटतपासणी. साक्षीच्या पिंजऱ्यात मी दोनदा उभी राहिले, हे एकदा. विमा कंपनीच्या वकिलांनी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. त्यावर होतं ‘जीसीएस १५/१५’. ‘पंधरापैकी पंधरा. म्हणजे पूर्ण बरे ना?’ शाळेच्या प्रगतीपुस्तकासारखं. ही मोजपट्टी ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ साली काढली ती माणूस किती शुद्धीवर आहे हे बघायला. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलं तर हात हलवतो का. तीनपासून सुरू होते, पंधराला संपते. हे पत्र वाचणारे तुम्ही सगळे आत्ता पंधरा आहात. उद्या दुकान चालवाल की नाही, ते त्यात नसतं. हे मला आज सांगता येतं. त्या दिवशी मी ‘हो साहेब, पंधरा’ म्हणाले.

मग पुतण्याच्या लग्नातला व्हिडिओ. वरातीत हे नाचत होते. खूप नाचत होते. वकिलांना त्यात बरा झालेला माणूस दिसला. मला त्यात न थांबणारा माणूस दिसतो. आमच्या घरात वरातीत नाचणारे हे कधीच नव्हते, बँडवाल्याला पैसे देऊन बाजूला उभे राहणारे होते.

यांच्या साक्षीत वकिलांनी विचारलं, पाच एचपीच्या मोटारीला कुठल्या गेजची तार घालता, टर्न किती? यांनी धडाधड सांगितलं. छत्तीस स्लॉटची जोडणी तोंडपाठ. वकील न्यायाधीशांकडे वळून हसले. हेही हसले, कारण कुणीतरी यांच्या कामाबद्दल विचारत होतं. मी मागच्या बाकावर होते. यांना सगळं माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. माहिती असणं आणि दुपारी चार वाजता, फोन वाजत असताना, तेवढे टर्न मोजून संपवणं, यांच्यामध्ये काय तुटलं आहे, ते पिंजऱ्यात दाखवायचं कसं?

ते दाखवलं दोन गोष्टींनी. एक, पुण्याच्या एका मानसतज्ज्ञ बाईंनी घेतलेली चाचणी. सकाळी दहाला बसवलं ते दीडला सोडलं. शब्दांच्या याद्या, आकड्यांचे खेळ, एकाच वेळी दोन कामं, मध्येच नियम बदलणं. पहिला तास हे छान होते. दुसऱ्या तासात घसरले, तिसऱ्यात टेबलावरून उठून गेले. अहवालात एक वाक्य होतं की, लक्ष टिकवणं आणि स्वतःची चूक स्वतः ओळखणं हे दोन्ही गंभीरपणे बाधित आहे. दीड वर्ष मी जे सांगत होते ते कुणीतरी लिहून दिलं. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी रडले. हे खिडकीतून उसाचे फड मोजत होते.

दुसरी गोष्ट, दुकानाची वही. न्यायाधीशांनी ती स्वतः मागून घेतली. तांबड्या खुणा असलेली पानं एकेक उलटली. माझ्या दोन ओळींच्या डायरीतलंही वाचलं : ‘साखर आणायला तीन वेळा पाठवलं.’ ‘लेकीच्या दहावीच्या फॉर्मचे पैसे भरले म्हणाले, खिशातच होते.’ ‘आज काही नाही, बरा दिवस.’ बरे दिवसही मी लिहिले होते. वकीलताईंचा आग्रह होता, लिहायचं तर खरं लिहायचं. विमा कंपनीचे वकील नेमकं तेच पान धरून उभे राहिले. पण वकीलताई म्हणतात, त्या पानांमुळेच बाकीच्यांवर विश्वास बसला.

निकाल लागला. ७५ टक्के धरले. उत्पन्न मात्र १५ हजारच. आम्ही २५ हजार म्हणत होतो आणि वहीत ते दिसत होतं, पण प्राप्तिकराचं विवरणपत्र कधी भरलं नव्हतं. वायंडिंगवाले, गवंडी, सुतार, फॅब्रिकेशनवाले, कुणी हे वाचत असेल तर सांगते, कर बसत नसला तरी विवरणपत्र भरा. पाठीमागून धडकले म्हणून २० टक्के दोष यांच्याकडे. मला ते पटलं नाही. अंधारात दिव्याविना उभ्या ट्रॉलीला पुढून कोण धडकणार? ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा, ऊस भाड्याने वाहत होता, आणि ट्रॉलीचा वेगळा विमाच नव्हता. त्यावर कंपनीने हात झटकले होते. कोर्टाने सांगितलं, आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून वसूल करा.

सेवेसाठी मिळाले ५० हजार, एकरकमी. कारण निकालात एक ओळ आहे की पत्नी घरीच असते. संपादक महोदय, मी घरीच असते हे खरं आहे. गोळ्या मी देते, गॅस मी बंद करते, हप्त्याचे मोबाइल मी परत करून आले, रात्री फिट आली तर कुशीवर मी वळवते, आणि दुकानात बाजूला बसून टर्न मोठ्याने मी मोजते. एकवीस, बावीस, तेवीस. मी गावच्या पतसंस्थेत कामाला लागणार होते, ते राहिलं. हरियाणातली एक बारा वर्षांची मुलगी २००७ मध्ये ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकच्या धडकेत डोक्याला मार लागून कायमची परावलंबी झाली. तिच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये भरपाई ६२ लाखांवर नेली. सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च दोन माणसं धरून, महिन्याचा हिशेब करून, तिच्या कमाईला लावलेला तोच १८ चा गुणक लावून दिला. त्या मुलीचं दुःख आमच्यापेक्षा किती तरी मोठं. पण हिशेबाची रीत तीच असायला काय हरकत आहे? कमाईला गुणक लागतो आणि बायकोच्या सेवेला ठोक रक्कम.

कंपनी अपिलात गेली आहे. आमच्याकडूनही सेवेच्या आणि त्या २० टक्क्यांच्या मुद्द्यावर हरकत दाखल झाली आहे. एक बरं झालं, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. नाहीतर मुंबईच्या खेपा करायच्या म्हणजे यांना कुणाकडे ठेवून जायचं, हाच प्रश्न होता. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येतं.

माझी मागणी फार मोठी नाही. डोक्याला मार लागलेला माणूस दाखल्यासाठी मंडळापुढे आला की त्या दिवशी तिथे मानसतज्ज्ञ असावा आणि चाचणीला दहा मिनिटांऐवजी अर्धा दिवस द्यावा. अशी चाचणी करणारं माणूस आम्हाला पुण्याशिवाय सापडलं नाही. फी, येणं-जाणं, राहणं धरून अठरा हजार लागले. ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांचा दाखला ३० वरच थांबणार. घरच्या माणसाला मंडळाने बाहेर बसवू नये, त्यालाही विचारावं. आम्हाला दोन्ही वेळा बाहेर बसवलं होतं आणि आत हे सांगत होते की मला काही त्रास नाही. खोटं नव्हतं ते. त्यांना खरंच तसं वाटतं.

आणि दवाखान्यातून घरी सोडताना डिस्चार्ज कार्डासोबत कुणीतरी एक कोरी वही द्यावी. दोन रुपयांची चालेल.

नाव आणि गाव छापू नये ही विनंती, लेक आता कॉलेजला आहे.

आपली,
एक वाचक

ता. क. परवा रात्री दवाखान्यातून येताना त्याच वळणावर एसटी थांबली होती. पुढे ट्रॉल्यांची रांग. हंगाम सुरू झालाय. हे म्हणाले, मोज. अकरा ट्रॉल्या होत्या, रिफ्लेक्टर चौघींना. यांनी आठ मोजल्या होत्या.